फाटक मीच लावलं होतं

साहेबांनी सुई भरली होती आणि दोरी माझ्या हातात होती.

मोगरी उजव्या कुशीवर पडली होती. चारही पाय हवेत चालवत होती, जशी वरातीला निघाली आहे. घामानं तिचं पांढरं अंग करडं दिसत होतं. खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता, दात करकर वाजत होते. तिचं डोकं वच्छलाच्या मांडीवर होतं. साहेब दोनदा ओरडले, "बाई, बाजूला व्हा. लाळ लागेल. पिसाळलेलं जनावर आहे ते." वच्छला ऐकत नव्हती. ती मोगरीच्या कानाच्या मुळाशी बोटं फिरवत होती आणि मोगरी त्या बोटांखाली जराशी शांत होत होती. त्या घटकेला मला काय वाटलं ते आधीच सांगून टाकते. मला वाटलं, मरतानासुद्धा हिच्याच मांडीवर.

वच्छला माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा नामदेव, म्हणजे माझा दीर, भिंतीला टेकून उभा होता. त्यानं घोडी मारायच्या कागदावर सही केली होती. सही करून पेन परत द्यायचं विसरला होता, ते हातात धरून उभा होता. आणि मोगरी पिसाळली आहे असं साहेबांना ज्याच्यावरून वाटलं, ते वाक्य माझं होतं.

आता मागचं सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही.

मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. आमचं गाव मोताळ्याजवळ. परिचर म्हणजे जनावर धरणारा, बाटल्या धुणारा, झाडू मारणारा. आधी माझा नवरा परिचर होता. तो ऐन उमेदीत गेला, म्हणून त्याच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण चौथी पास, तेवढं पुरलं. साहेब, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, येतात, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातात. परिचर तिथंच राहतो. त्यामुळे कोणत्या गावात कोणाची गाय लाथ मारते, कोण माणूस खोटं बोलतो, हे साहेबांना आम्हीच सांगायचं.

माझ्या सासऱ्याचा घोड्यांचा धंदा होता. लग्नाच्या वरातीला, देवाच्या मिरवणुकीला घोडी द्यायची. नवरा गेला तेव्हा घरात शेवंती नावाची घोडी होती. ती नवऱ्याची लाडकी, तिला भिजवलेले हरभरे मीच घालायची. वाटणीच्या वेळी सासऱ्यानं मला ओसरीवर बसवून विचारलं, "गिरजे, नोकरी घेशीन का घोडी? दोन्ही एका घरात नाई देता येत." मी नोकरी घेतली. घोडी नामदेवकडं गेली, म्हणजे वच्छलाकडं गेली. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पण शहाण्या माणसाला जळायला बंदी थोडीच आहे? आमच्या दोन घरांमध्ये छातीइतकी भिंत. पलीकडचं सगळं दिसायचं.

शेवंतीला शिंगरू झालं ती मोगरी. शिंगरू अडलं होतं. दवाखान्यातून मला बोलावलं. कोपरापर्यंत हात घालून तिचा दुमडलेला पाय मी सरळ केला आणि तिला बाहेर ओढली. माझ्या हातानं जगात आली. थोड्या वेळानं लटपटत उभी राहिली आणि आधी कोणाकडं गेली? आईकडंसुद्धा नाही. कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या वच्छलाकडं. तिच्या पदरात तोंड घातलं.

वच्छला शाळेत एक दिवस गेलेली नाही. तिला सही येत नाही. पण घोडं तिच्याकडं मान खाली घालून येतं. माझ्याकडं पाहिलं की मान वर करतं. याचं कारण मला माहीत आहे. माझ्या अंगाला स्पिरिटचा वास. जनावराच्या लेखी मी म्हणजे सुई. तीस वर्षं मी जनावरांचा जीव वाचवायला हातभार लावला आणि एकाही जनावरानं मला चाटलं नाही. हे नोकरीत कोणी आधी सांगत नाही.

घोड्याचं रक्त कसं काढतात ते लोकांना ठाऊक नसतं. मानेच्या खालच्या बाजूला पन्हाळीसारखी खोलगट जागा असते. तिथं अंगठा दाबला की वर शीर बोटाइतकी फुगते. तिथले थोडे केस कापायचे, स्पिरिट लावायचं, सुई घालायची. सुई साहेब घालतात, पण घोडं ठरवतं ती घालू द्यायची की नाही, आणि घोड्याला ते पटवायचं काम परिचराचं. रक्त नळीत आलं की हलवायचं नाही. नळी तिरपी ठेवायची. रक्त गोठून खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं, उन्हात धरलं तर गव्हाच्या काडासारखं. तपासणी त्या पाण्याची असते. नळी घाईनं हलवली किंवा सगळं रक्त तसंच बर्फात ठेवलं तर पाणी लाल होतं. मग ते नाल्यात ओतायच्या लायकीचं. माझं पाणी कधी लाल झालं नाही. साहेब बदलले, माझं पाणी बदललं नाही.

घोड्यांचं रक्त दरवर्षी काढायचं ते ग्लँडर्स नावाच्या रोगासाठी. तो माणसालाही होतो. रक्तात सापडला तर सरकार घोडं मारून पुरतं. म्हणून आमची गाडी गावात शिरली की घोडी गायब. देऊळगाव राजाकडचा एक घोडेवाला मोठा हुशार होता. त्याच्याकडं तीन घोड्या. त्यानं पहिली आणली, नाव सांगितलं चांदणी. रक्त घेतलं. तासाभरानं दुसरी आणली, लगाम लाल, नाव हिरा. साहेब सुई घेऊन पुढं झाले. मी मान पाहिली. केस कापलेले, माझ्याच कात्रीनं.

मी म्हटलं, "काऊन हो, हिरा केस कापून घ्याले आधीच येऊन गेली का?"

तो म्हणाला, "मावशी, तुमी लई बारीक पाह्यता."

"तिसरी काय म्हणून आनणार होते?"

"तिसरीले बी हेच," तो हसून म्हणाला, "फक्त गोंड्याचा लगाम."

दुसरी एक गोष्ट हसण्याची नाही. एका जुन्या साहेबांच्या वेळी पावसाळा संपताना एक घोडा आला. गोल गोल फिरायचा, एकाच बाजूला. भिंतीला कपाळ लावून ढकलत राहायचा, जशी भिंत सरकवायची आहे. साहेबांनी कानाच्या टोकाचा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन दुर्बिणीखाली पाहिला, सर्रा, म्हणजे माशीच्या चाव्यातून रक्तात किडे होतात तो रोग, नव्हता. मग नळीभर रक्त घेऊन बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवलं. डासांतून मेंदूत जाणारा ताप असेल असा त्यांचा वहीम होता. घोडा तिसऱ्या दिवशी मेला. महिन्यानं उत्तर आलं, एका रक्तावरून काही सांगता येत नाही.

साहेब म्हणाले, "गिरजाबाई, या रोगाला रक्ताची जोडी लागते. एकटं रक्त बोलत नाही. आधीचं हवं आणि नंतरचं हवं. रोगाशी लढणारं द्रव्य आधी नव्हतं आणि नंतर वाढलं, असं दिसलं तरच रोग पकडला जातो."

मी विचारलं, "आजारी पडन्याच्या आधीचं कुठून आनाचं साहेब?"

ते म्हणाले, "तेच तर."

त्या दिवसापासून मी एक केलं. कोणी सांगितलं नव्हतं. ग्लँडर्सच्या रक्ताचं पाणी काढलं की अर्धं पाठवायचं, अर्धं छोट्या नळीत घालून दवाखान्याच्या फ्रिजरमध्ये ठेवायचं. नळीवर पट्टी चिकटवून माझ्या अक्षरात घोड्याचं नाव, मालकाचं नाव, तारीख. नवे साहेब हसायचे. कुलपी विकता का मावशी, म्हणायचे. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून भोवती बर्फाच्या पिशव्या मीच रचायची.

आता मोगरीच्या वर्षाचं.

श्रावणात गाडी आली. नामदेवनं मोगरीला मक्याच्या वावरात नेऊन बांधलं. पुरुषभर उंच मका, बाहेरून काही दिसत नव्हतं. साहेबांनी विचारलं, नामदेव म्हणाला पाव्हण्याकडं दिली आहे. वच्छला खाली मान घालून उभी. मी साहेबांना म्हटलं, "मक्यात पाहा." नोकरी होती म्हणून सांगितलं असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं असं की सकाळीच वच्छला मोगरीच्या आयाळीला तेल लावत होती आणि मोगरी डोळे मिटून उभी होती, ते मी भिंतीवरून पाहिलं होतं.

रक्त घेताना वच्छला म्हणाली, "जाऊबाई, माही घोडी गेली त पाप तुमाले."

"गेली त सरकारनं नेली," मी म्हटलं. रक्त निर्दोष निघालं. अर्धं पाणी फ्रिजरमध्ये गेलं.

वच्छला रोज संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची. आमच्या मागं नाला आहे, नाल्यात डुकरं, पलीकडं पाझर तलाव, तिथं बगळे. दिवस कलला की डासांचे ढग यायचे. धुरानं डास मरत नाही, पण तोंड वळवतो. त्या धुरात उभी राहून ती मोगरीला खरारा करायची आणि काही तरी गुणगुणायची. भादव्यात एका संध्याकाळी मी भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "वच्छले, तुह्या धुरानं माहे डोळे चालले. रोजचंच झालं हे."

तिनं तेव्हाच पाल्यावर पाणी ओतलं. म्हणाली, "नाई करत जाऊबाई. तुमच्यापरीस घोडी मोठी हाय का?"

डोळ्यांत धूर जात होता हे खोटं नाही. पण तो लग्न होऊन आले तेव्हापासून जात होता. गावोगाव बायांना जमवून जनावरांपाशी डास होऊ देऊ नका असं सांगणारी मी. धूर कशासाठी असतो हे मला कोणी शिकवायला नको होतं.

त्याच महिन्यात आमच्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं आलं. तोंडाला फेस. मी ओट्यावर होते. वच्छलाच्या गोठ्याचं फाटक उघडं, आत मोगरी, घरात कोणी नाही. मी धावत जाऊन फाटक लावलं आणि कडी घातली. कुत्रं फाटकाला धडकून पुढं गेलं. पुढच्या आळीत एका वासराला चावलं, मग लोकांनी ते मारलं. मी कोणाला काही बोलले नाही. वच्छलाचे उपकाराचे शब्द ऐकायची माझी इच्छा नव्हती.

दसऱ्याला चार-पाच दिवस होते. वच्छला भिंतीपाशी आली. "जाऊबाई, मोगरीचे कान तापले हाय. खाऊन नाई राह्यली."

"ऊन हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परत आली. "तिले डाव्या आंगानं दिसून नाई राह्यलं. डाव्या बाजूनं गेली त दचकते."

"तुले काय समजते वं? थर्मामीटर कोनाच्या हातात राह्यते, तुह्या का माह्या?"

ती गेली. मी थर्मामीटर घेऊन गेले नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोगरी गोठ्यात गोल फिरत होती, मग कपाळ भिंतीला लावून ढकलू लागली, मग पडली. नामदेव दवाखान्यात धावत आला.

साहेब तरुण होते, सांगलीकडचे, हुशार. पण घोडं त्यांनी पुस्तकातच जास्त पाहिलेलं. येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "मावशी, गावात पिसाळलेलं कुत्रं आलं होतं का?"

"आलं होतं साहेब. भादव्यात. यांच्याच गल्लीत."

सगळं खरं. पुढचं वाक्य मी बोलले नाही. भिंत ढकलणारा घोडा मी आधी पाहिलेला होता. साहेबांनी नव्हता पाहिला. पण मी म्हटलं असतं की हे डासाचं असू शकतं, तर धूर कोणी बंद केला हे निघालं असतं. दोन दिवस कोणी घालवले हेही निघालं असतं. कुत्र्यावर गेलं की कोणावरच येत नव्हतं. आणि खाली, अगदी तळाशी, आणखी एक होतं. मोगरी नसली तर भिंतीवरून पाहायलाही काही नसणार होतं.

आता त्या सुईपाशी परत येते.

साहेब गुडघ्यावर बसले. नामदेवनं तोंड फिरवलं. साहेब वच्छलाला शेवटचं म्हणाले, "बाई, तुमची खात्री आहे ना? नंतर बोल नको."

वच्छलानं माझ्याकडं पाहिलं नाही. मोगरीकडं पाहत म्हणाली, "माही जाऊ शिकेल हाय साहेब. तिनं शेवंतीले पोटच्या पोरीवानी जपलं. हिले जगात तिनंच आनलं. थे म्हनते कुत्रं होतं, त होतं. टोचा."

उभ्या जन्मात मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं, की घोडी माझीही होती. आणि ऐकलं तेव्हा सुई शिरेवर होती.

मी दोरी सोडली. "थांबा साहेब."

"काय झालं?"

"कुत्रं मोगरीपर्यंत गेलं नव्हतं. फाटक मीच लावलं होतं. कडी घातली होती."

"सकाळी तुम्ही म्हणालात..."

"गल्लीत आलं म्हटलं. चावलं म्हटलं नाही."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"नाही बोलले."

नामदेव म्हणाला, "वैनी, म्या सही केली ना बाप्पा! सही केली म्या!" त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

वच्छला एवढंच म्हणाली, "मंग पानी पाजू का तिले?"

तिनं तळहातावर पाणी घेऊन ओठाला लावलं. लोंबणाऱ्या बाजूनं ते गळालं, दुसऱ्या बाजूनं मोगरीनं गिळलं. पिसाळलेल्या जनावराला पाणी गिळवत नाही, म्हणून साहेबांनी वाकून गळ्याची हालचाल पाहिली. बराच वेळ पाहिली. मग सुईला टोपण लावलं. मी त्यांना तापाचं सांगितलं, डाव्या डोळ्याचं सांगितलं, जुन्या घोड्याचं सांगितलं. धुराचं सांगितलं नाही, ते नंतर. आणि म्हटलं, "साहेब, हिचं श्रावणातलं पानी फ्रिजरमध्ये हाय."

"काय आहे?"

"कुलपी," मी म्हटलं.

त्या माणसाचं मी मानते. चूक कळल्यावर रागानं लाल झाला, पण वेळ घालवला नाही. रक्त तेव्हाच घेतलं. कुत्रं चावलंच नसेल असं मानून चालणार नाही म्हणाला. पिसाळलेलं घोडं आठवडाभराच्या वर टिकत नाही. दहा दिवस काढले तर निश्चिंत व्हा, पण लाळ लागलेल्या सगळ्यांनी आजच दवाखान्यात जाऊन सुया घ्यायच्या. आम्ही चौघांनीही घेतल्या.

या रोगावर औषध नाही. सलाईन, ताप उतरवायचं, मेंदूची सूज कमी करायचं, एवढंच साहेबांच्या हातात. बाकी काम पडलेल्या घोड्याला चिघळू न देण्याचं. खाली कडबा, त्यावर पोती. दर तीन तासांनी चौघांनी मिळून कूस बदलायची. गोठ्यात अंधार, आवाज नाही. डास परत चावू नयेत म्हणून वच्छलानं घरातली मच्छरदाणी काढली, मी माझी काढली, दोन्ही मी जोडून शिवल्या आणि आढ्याला टांगल्या. संध्याकाळी कडुनिंबाचा पाला मी तोडून आणला आणि पेटवला.

वच्छला म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या डोयात जाईन ना."

टोमणा होता की काळजी, मला आजवर कळलेलं नाही.

गावात बोभाटा झाला. घोडीला मेंदूचा ताप, लेकरांना होईल, हिला गावाबाहेर टाका. पाच-सहा जण फाटकापाशी आले. मी आतून फाटक लावलं आणि कडीवर हात ठेवून बोलले. म्हटलं, हा रोग डुकरात आणि बगळ्यात राहतो, त्यांना काही होत नाही. डास त्यांना चावतो, मग घोड्याला किंवा माणसाला चावतो. पण घोड्याच्या रक्तात तो इतका साठत नाही की घोड्याला चावलेला डास पुढं कोणाला देईल. आपली गल्ली नाल्यापाशी संपते ना, तसं घोडं म्हणजे शेवटचं घर, पुढं रस्ता नाही. हाकलायचं असेल तर नाल्यातली डुकरं हाकला. लेकराला ताप आला तर घरी ठेवू नका. मोगरी तुम्हाला रोग देत नाही, रोग आला हे सांगते आहे.

एक म्हातारा म्हणाला, "गिरजे, हे तुले कोनं शिकोलं?"

"पगारानं," मी म्हटलं. ते गेले.

सहाव्या दिवशी आढ्याला दोर बांधून, पोटाखाली पट्टा घालून मोगरीला उभी केली. पाय पसरून उभी राहिली, दारू प्यालेल्या माणसासारखी. दहावा दिवस गेला, त्या दिवशी नामदेव अंगणात बसून ढसाढसा रडला. तीन आठवड्यांनी तिसरं रक्त घेतलं. त्या वेळी मोगरीनं माझ्याकडं मान वर केली आणि वच्छलानं तिचे डोळे पदरानं झाकले, तेव्हा सुई गेली. तिन्ही नळ्यांचं पाणी बर्फात घालून मी स्वतः एसटीनं जिल्ह्याला पोचवलं, थर्मास मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठेवा ना." मी म्हटलं, "माझी नात आहे."

उत्तर यायला महिना लागला. श्रावणातल्या पाण्यात काही नाही. आजारातल्यात थोडं. तिसऱ्यात कितीतरी पट. रोग जपानी मेंदूज्वर.

नामदेव म्हणाला, "जपान कुठं, मोतायं कुठं! हिनं त मलकापूर बी पाह्यलं नाई."

पत्राच्या खाली लिहिलं होतं, नमुने उत्तम स्थितीत मिळाले. त्या ओळीची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे. त्यानंतर आरोग्य खात्याची माणसं आली, घरोघर लेकरांचा ताप पाहिला, लसी दिल्या, नाल्यातली डुकरं हलली. साहेबांचं कौतुक झालं. मक्यात पाहा असं कोण म्हणालं होतं आणि कशापायी, हे कोणी विचारलं नाही. माझा जळफळाट नसता तर श्रावणातलं रक्त नसतं आणि रोगाचं नाव कळलं नसतं. आणि माझा जळफळाट नसता तर कदाचित रोगच झाला नसता. या दोन्ही गोष्टी मी सोबतच ठेवते. एकीनं दुसरी फिटत नाही.

निवृत्त झाले त्या वर्षी त्याच साहेबांना मी धुराचं सांगितलं. ते म्हणाले, "मावशी, धुरानं किती डास थांबतात! तिला बाहेरही डास चावले असतील." मी हो म्हटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून.

मग वच्छलाला सांगितलं. ती मोगरीला खरारा करत होती. मी म्हटलं, "वच्छले, धूर म्या बंद केला, म्हनून झालं हे सारं."

ती हात न थांबवता म्हणाली, "बंद म्या केला जाऊबाई. तुमी त फक्त सांगतलं होतं."

असं बोलता येणं, याचाच मला राग येतो.

मोगरीचा डावा डोळा गेला. काण्या घोडीवर नवरदेव बसत नाही, त्यामुळे वराती संपल्या. ती गोठ्यात उभी असते. डाव्या अंगानं वच्छला आली तर तिला न पाहता ओळखते आणि तोंड पुढं करते. डाव्या अंगानं मी गेले तरी न पाहता ओळखते. मान वर करते. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, स्पिरिट हाताला लागलेलं नाही, तरी वर करते. भिजवलेले हरभरे मी रोज नेते. ते खाते, पण टोपलीतून. हातातून नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्याच्या हद्दीत तीन घोडी अशी पडली. वीटभट्टीवरचा घोडा कोणी कळवायच्या आत मेला. दुसऱ्या गावची तांबडी घोडी पिसाळली म्हणून मारून पुरली, तिचं रक्त कोणी घेतलं नव्हतं. मोगरी जगली.